वाहत्या हवेत इंधनाची धार फुटून फवारा कसा होतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारीक छिद्रातून वेगाने निघालेली द्रव इंधनाची धार हवेच्या प्रवाहात शिरली की काही मिलिमीटरांच्या अंतरात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात तिचे असंख्य थेंब झालेले असतात. या घटनेविषयी विद्यार्थी आणि ज्वलनाच्या क्षेत्रात नव्याने आलेले अभियंते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वाचताना एक भेद मनात पक्का असावा. धार हवेत किती आत पोचते हा एक प्रश्न आहे आणि ती कशी फुटते हा दुसरा. दोन्हींचे निर्णय वेगवेगळ्या राशी करतात, आणि या विषयातले बहुतेक गोंधळ हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतात.

इंधनाचा फवारा करावाच का लागतो?

द्रव इंधन द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ होते, ती वाफ हवेत मिसळते आणि मग ते मिश्रण जळते. वाफ होण्याचे काम द्रवाच्या पृष्ठभागावरच चालते, म्हणून पृष्ठफळ वाढवणे हा फवाऱ्याचा पहिला हेतू आहे. एक मिलिलिटर इंधनाचा एकच गोल थेंब केला तर त्याचा व्यास सुमारे १२.४ मिलिमीटर आणि पृष्ठफळ पाच चौरस सेंटिमीटरांच्या आत असते. त्याच इंधनाचे ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे थेंब केले तर त्यांची संख्या दीड कोटीच्या घरात जाते आणि एकूण पृष्ठफळ १,२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीचशे पट होते.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. थेंबाचे आयुष्य त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जळत्या हायड्रोकार्बन थेंबाच्या व्यासाचा वर्ग साधारणपणे दर सेकंदाला एक चौरस मिलिमीटर या पातळीच्या गतीने घटतो. त्या हिशेबाने १०० मायक्रॉनचा थेंब संपायला एक शतांश सेकंद लागतो, तर २० मायक्रॉनचा थेंब त्याच्या पंचविसाव्या हिश्श्यात संपतो. ज्वलनकक्षातून वायू बाहेर पडायला काही मिलिसेकंदच लागत असतील, तर मोठा थेंब अर्धवट जळून निसटणार आणि धूर व न जळलेले हायड्रोकार्बन मागे ठेवणार, हे या आकड्यांवरूनच कळते.

हवा स्थिर असतानाही धार फुटते. मग वाहत्या हवेचे वेगळे काम कोणते?

स्थिर हवेतली संथ धार पृष्ठताणामुळे फुटते. तेवढ्याच आकारमानाच्या थेंबांपेक्षा लांब दंडगोलाचे पृष्ठफळ जास्त असते, त्यामुळे पृष्ठताण त्याला आकुंचित करून थेंबांत विभागण्याची संधी शोधत असतो. बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो यांनी १८७३ साली दाखवून दिले की धारेवरची लहर धारेच्या परिघापेक्षा लांब असेल तरच ती वाढत जाते. लॉर्ड रेली यांनी १८७८ साली पुढचा प्रश्न सोडवला : वाढणाऱ्या लहरींपैकी सर्वांत वेगाने कोणती वाढते? तिची तरंगलांबी धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचार पट निघते. तेवढ्या लांबीच्या तुकड्याचा एक थेंब झाला, तर त्याचा व्यास धारेच्या व्यासाच्या १.८९ पट भरतो.

म्हणजे पृष्ठताणाच्या भरवशावर राहिल्यास थेंब धारेपेक्षा मोठेच मिळणार. अर्ध्या मिलिमीटरच्या धारेतून जवळजवळ एक मिलिमीटरचे थेंब निघतील, आणि ते ज्वलनाला निरुपयोगी आहेत. धारेपेक्षा दहापट, वीसपट बारीक थेंब हवे असतील तर पृष्ठताणाच्या विरुद्ध काम करणारे दुसरे बल हवे. ते बल वाहती हवा देते. स्थिर हवेत धार फोडणारा पृष्ठताण वेगवान हवेत मात्र धार जपणारा ठरतो. ही उलटापालट समजल्याशिवाय पुढचे काहीही नीट समजत नाही, असे मला वाटते.

हवा धारेवर नेमके काय करते?

ती एकाच वेळी तीन गोष्टी करते. पहिली म्हणजे ती धारेला समोरून ढकलते आणि मागच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा तयार करते. या दाबाच्या फरकामुळे धार वाऱ्याच्या दिशेने वाकते आणि तिचा गोल छेद चपटा होत जातो. दुसरी गोष्ट धारेच्या बाजूंवर घडते. तेथे हवा द्रवाला घासून वेगाने जाते आणि दोन थरांच्या वेगांतील फरकामुळे सीमेवर लहरी उठतात. वाऱ्याने तळ्यावर लाटा उठाव्यात तसाच हा प्रकार असून त्याला केल्विन–हेल्महोल्ट्झ अस्थिरता म्हणतात. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. हलकी हवा जड द्रवाला ढकलून त्वरण देते, आणि हलक्या पदार्थाने जड पदार्थाला असे ढकलले की त्यांची सीमा सपाट राहू शकत नाही. धारेच्या समोरच्या अंगावर खोलगट खळगे पडतात. ही रेली–टेलर अस्थिरता होय.

धारेचे अखेर काय होणार, हे या तिघींपैकी कोणती वेगाने वाढते आणि पृष्ठताण तिला कितपत आवरू शकतो, यावर ठरते.

वेबर अंक म्हणजे काय आणि तो कसा काढतात?

हवेची घनता, हवा व द्रव यांच्या सापेक्ष वेगाचा वर्ग आणि धारेचा व्यास यांच्या गुणाकाराला पृष्ठताणाने भागले की वेबर अंक मिळतो. हवेचे फोडणारे बल आणि पृष्ठताणाचे जपणारे बल यांचे ते गुणोत्तर आहे, आणि गुणोत्तर असल्यामुळे त्याला एकक नाही. हा अंक मोरिट्स वेबर यांच्या नावाने ओळखला जातो. धारेच्या फुटण्यात श्यानतेचा, म्हणजे द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाचा, परिणाम १९३१ साली गणिताने मांडणारे कॉन्स्टँटिन वेबर ही वेगळी व्यक्ती आहे. दोघांची नेहमी गल्लत होते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले.

एक उदाहरण घेऊ. केरोसीनची घनता सुमारे ८०० किलोग्रॅम प्रतिघनमीटर आणि पृष्ठताण ०.०२५ न्यूटन प्रतिमीटर धरला, धारेचा व्यास ०.५ मिलिमीटर, हवेचा वेग १०० मीटर प्रतिसेकंद आणि नेहमीच्या वातावरणातली हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रतिघनमीटर धरली, तर वेबर अंक २४० येतो. आता तीच धार ३० बार दाबाच्या आणि ८०० केल्विन तापमानाच्या हवेत सोडली, तर हवेची घनता सुमारे १३ होते आणि वेबर अंक २,६०० वर जातो. नोझल, इंधन आणि वेग तेच असूनही केवळ हवेच्या घनतेने फुटण्याचे बल दहापटीहून अधिक वाढले.

आडव्या प्रवाहात धार टप्प्याटप्प्याने कशी फुटते?

नोझल भिंतीत बसवलेले आहे, हवा भिंतीला समांतर वाहते आहे आणि इंधन तिला काटकोनात बाहेर पडते आहे, अशी मांडणी डोळ्यांसमोर आणावी. रॅमजेट (वेगाने आत शिरणारी हवा स्वतःच दाबली जाते असे, फिरत्या कॉम्प्रेसरविना चालणारे इंजिन), जेट इंजिनाचा आफ्टरबर्नर (टर्बाइनच्या मागे जादा इंधन जाळणारा भाग) आणि इंधन आधीच हवेत मिसळून घेणारे काही गॅस टर्बाइन ज्वलनकक्ष यांत ही मांडणी वापरली जाते.

छिद्रातून निघताच धार काही अंतर सरळ, अखंड दांड्यासारखी जाते. मग ती वाकू लागते आणि त्याच वेळी तिचा छेद वाऱ्याला आडवा पसरतो. हे पसरणे महत्त्वाचे आहे, कारण रुंद झालेली धार वाऱ्याला अधिक मोठे अंग देते, त्यामुळे तिच्यावरचे बल वाढते आणि ती आणखी पसरते. पुढचा प्रवास वेबर अंकावर अवलंबून आहे. अंक चारपेक्षा कमी असेल तर धार फक्त वाकते आणि तिचे मोठे तुकडे पडतात. चार ते तीसच्या दरम्यान समोरच्या अंगावरचे खळगे हवेने फुगून पातळ पडद्याच्या पिशव्या बनतात. त्या वाऱ्याच्या दिशेने फुगत जातात आणि फुटतात. पडद्याचे अगदी बारीक थेंब होतात, तर पिशवीच्या जाड कडेचे मोठे थेंब होतात, म्हणून या प्रकारात थेंबांचे आकार मुळातच दोन गटांत विभागलेले असतात. तीस ते एकशेदहाच्या दरम्यान पिशव्या आणि कडांवरून ओरबाडून निघणारे तंतू असे दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. त्याच्या वर ओरबाडण्याचे राज्य असते. हवा धारेच्या दोन्ही बाजूंवरून द्रवाचे तंतू खेचून काढते, ते तंतू स्वतः फुटून थेंब होतात, आणि मधला गाभा मात्र काही काळ टिकून राहतो. या सीमा आखीव रेषा नाहीत. छिद्राचा आकार आणि आतल्या प्रवाहातील संक्षोभ, म्हणजे अनियमित खळबळ, यांनुसार त्या मागेपुढे सरकतात.

शेवटी गाभ्याचाही भंग होतो. १९९०च्या दशकातील प्रयोगांतून असे आढळले की हा भंग छिद्रापासून वाऱ्याच्या दिशेने धारेच्या व्यासाच्या सुमारे आठ पट अंतरावर होतो, आणि हे अंतर हवेच्या वेगाने फारसे बदलत नाही. प्रथम ऐकताना हे चमत्कारिक वाटते. कारण असे की हवेचा वेग वाढला की धार लवकर फुटते, पण तेवढ्या वेळात ती अधिक वेगाने वाहूनही जाते, आणि हे दोन परिणाम एकमेकांना जवळजवळ रद्द करतात.

धार हवेत किती आत शिरेल, हे कसे ठरते?

यासाठी वेबर अंक उपयोगाचा नाही. येथे संवेग-गुणोत्तर लागते, म्हणजे द्रवाची घनता आणि त्याच्या वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराला हवेच्या तशाच गुणाकाराने भागून आलेली संख्या. या सूत्रात पृष्ठताण नाही आणि छिद्राचा व्यासही नाही, एवढ्यावरूनच हे फुटण्याचे नव्हे तर मार्गाचे माप आहे हे लक्षात येते. त्याच प्रयोगांतून निघालेले एक सोपे सूत्र असे आहे : धारेची उंची व्यासाच्या पटीत हवी असेल, तर संवेग-गुणोत्तर आणि व्यासाच्या पटीतले वाऱ्याच्या दिशेचे अंतर यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३७ ने गुणावे. हे सूत्र छिद्राजवळच्या भागापुरतेच आहे. दूरवर ते वापरल्यास उत्तर चुकते.

वरच्याच उदाहरणात इंधनाचा वेग २० मीटर प्रतिसेकंद घेऊ. साध्या हवेत संवेग-गुणोत्तर सुमारे २७ येते आणि दहा व्यास अंतरावर धार सुमारे ११ मिलिमीटर उंचीवर असते. दाबाखालच्या दाट हवेत हेच गुणोत्तर अडीचच्या आत येते आणि उंची साडेतीन मिलिमीटरही भरत नाही. प्रयोगशाळेत मोकळ्या हवेत चाचणी घेऊन "इंधन प्रवाहाच्या मध्यापर्यंत पोचते" असे समाधान मानलेल्या नोझलचे इंधन प्रत्यक्ष इंजिनात भिंतीलगतच राहिले, असे होऊ शकते, आणि तेथे भिंत तापून खराब होण्याचा किंवा काजळी धरण्याचा धोका असतो. फवारा चांगला फुटला होता, पण चुकीच्या जागी फुटला, असा त्याचा अर्थ.

हवेचा वेग दुप्पट केला तर काय होईल?

संवेग-गुणोत्तर एक चतुर्थांश होईल, म्हणून शिरकाव साधारण निम्मा होईल. वेबर अंक चौपट होईल, म्हणून थेंब बारीक होतील. चांगले फुटणे आणि दूर पोचणे यांत अशी ओढाताण असते. ती सोडवण्यासाठी इंधनाचा वेगही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो, आणि त्यासाठी इंधनाचा दाब चौपट लागतो.

हवेचा वेग स्थिर नसून सतत कमीजास्त होत असेल तर?

ज्वलनकक्षात बहुधा असेच असते. वेगात दहा टक्के चढउतार झाला तर संवेग-गुणोत्तरात सुमारे वीस टक्के आणि शिरकावात सुमारे दहा टक्के फरक पडतो. हवा मंदावली की धार खोल जाते आणि थेंब मोठे होतात. हवेने वेग घेतला की धार भिंतीकडे झुकते आणि थेंब बारीक होतात. त्यामुळे ज्वालेपर्यंत जाणाऱ्या इंधनाचे प्रमाण, त्याची जागा आणि त्याच्या वाफ होण्याचा वेळ हे सारे लयीत हलू लागते. ही लय कक्षातील ध्वनिलहरींच्या लयीशी जुळली, तर दाबाचे हेलकावे वाढत जाऊन यंत्राला इजा होते. फवाऱ्याचा अभ्यास एखाद्या सरासरी छायाचित्रावर संपवू नये, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

एकदा झालेले थेंब पुन्हा फुटतात का?

फुटतात. गाभ्यापासून सुटलेला थेंब मोठा असेल आणि हवा अजून त्याच्या बाजूने वेगात जात असेल, तर तोच खेळ लहान प्रमाणावर पुन्हा होतो. थेंबाचा व्यास धरून काढलेला वेबर अंक साधारण १२ पेक्षा जास्त असेल तर तो थेंब टिकत नाही. केरोसीनच्या बाबतीत साध्या हवेत सापेक्ष वेग १०० मीटर प्रतिसेकंद असेल तर २५ मायक्रॉनपेक्षा मोठा थेंब अस्थिर असतो. वेग ५० वर आला तर ही मर्यादा १०० मायक्रॉनपर्यंत सैल होते. प्रत्यक्षात थेंब फुटेपर्यंत हवेबरोबर वेग घेत असतो, सापेक्ष वेग घटत जातो, आणि त्यामुळे सुरुवातीच्या वेगावरून काढलेल्या मर्यादेपेक्षा मोठे थेंबही वाचतात.

हा नियम इंधनापुरता नाही. सहा मिलिमीटरचा पावसाचा थेंब सुमारे नऊ मीटर प्रतिसेकंद वेगाने पडतो, आणि त्याचा वेबर अंक आठच्या आसपास येतो. याहून बरेच मोठे थेंब पावसात का आढळत नाहीत, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथेच आहे. तेही चपटे होऊन पिशवीसारखे फुगतात आणि फुटतात.

मोठे थेंब फवाऱ्याच्या वरच्या कडेला आणि बारीक थेंब भिंतीकडे का सापडतात?

थेंबाला हवेचा वेग घ्यायला लागणारा वेळ, सापेक्ष गती मंद असताना, व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० मायक्रॉनचा थेंब २० मायक्रॉनच्या थेंबाच्या पंचवीसपट वेळ आपली मूळ दिशा धरून राहतो, म्हणून तो प्रवाह छेदून दूर जातो. बारीक थेंब लगेच हवेबरोबर वळतात आणि धारेच्या मागच्या भोवऱ्यांत ओढले जातात. वाकलेल्या धारेमागे उलट दिशांनी फिरणाऱ्या भोवऱ्यांची जोडी तयार होते, आणि ती बारीक थेंबांना गोळा करते.

पृष्ठताण महत्त्वाचा की श्यानता?

केरोसीन, पेट्रोल यांसारख्या पातळ इंधनांत पृष्ठताण. श्यानतेचे वजन ओनेसोर्गे अंकावरून कळते. श्यानतेला घनता, पृष्ठताण आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागले की तो मिळतो. वोल्फगांग फोन ओनेसोर्गे यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखामुळे तो या क्षेत्रात रूढ झाला. हा अंक ०.१ पेक्षा कमी असेल तर थेंब फुटण्याच्या मर्यादेत श्यानतेचा वाटा नगण्य धरतात. त्याच्या वर मात्र श्यानता लहरींची वाढ मंद करते, तंतू लांबतात, तुटायला उशीर होतो, आणि फोडायला अधिक वेबर अंक लागतो.

जैवडिझेल हे व्यवहारातले उदाहरण आहे. त्याची श्यानता सामान्य डिझेलपेक्षा बहुधा जास्त असते आणि पृष्ठताणही किंचित जास्त असतो, म्हणून त्याच नोझलमधून त्याचे थेंब थोडे मोठे निघतात. अतिथंड हवामानात साधे इंधनही घट्ट होते आणि इंजिन सुरू होताना फवारा बिघडतो. तेव्हा इंधनाचा दाब आणि हवेचा वेग दोन्ही कमी असल्याने अडचण दुप्पट होते.

नोझलच्या आत जे घडते त्याचा बाहेरच्या फुटण्याशी संबंध असतो का?

असतो, आणि तो दुर्लक्षिला जातो. छिद्राच्या प्रवेशाची कड तीक्ष्ण असेल तर आत वळताना द्रव भिंतीपासून सुटतो, तेथे दाब खाली येतो, आणि दाब पुरेसा घटला तर वाफेच्या पोकळ्या तयार होतात. त्या पोकळ्या आणि संक्षोभ यांमुळे धार बाहेर पडतानाच खडबडीत असते, आणि हवेला लहरी शून्यातून वाढवाव्या लागत नाहीत. गुळगुळीत, गोलाई दिलेल्या प्रवेशातून निघालेली काचेसारखी धार त्याच वेगाला बरेच अंतर अखंड राहते. म्हणून दोन प्रयोगांची तुलना करताना केवळ छिद्राचा व्यास सारखा असून चालत नाही. छिद्राची लांबी, कडांची गोलाई आणि आतला पृष्ठभागही सांगितला पाहिजे.

डिझेल इंजिनातला फवारा याच नियमांनी चालतो का?

नियम तेच आहेत, भूमिका उलट आहेत. तेथे हवा तुलनेने संथ असते आणि धार अतिवेगवान. १,५०० बार दाबाने ०.०९ मिलिमीटरच्या छिद्रातून निघालेले इंधन सुमारे ६०० मीटर प्रतिसेकंद वेगाने २० किलोग्रॅम प्रतिघनमीटरहून दाट वायूत शिरते. वेबर अंक दहा हजारांच्या पटीत जातो आणि धार छिद्राच्या तोंडापासूनच थेंबांच्या ढगाने वेढलेली असते. हवेच्या दृष्टीने धार वाहते की हवा, हा प्रश्न गौण आहे. मोजायचा असतो तो दोघांच्या वेगांतील फरक.

येथे ऊर्जेचा हिशेब पाहण्याजोगा आहे. १,५०० बार दाबाने एक मिलिलिटर इंधन ढकलायला १५० जूल लागतात. त्याचे ५० मायक्रॉनचे थेंब करताना नव्या पृष्ठभागात साठणारी ऊर्जा मात्र ०.००३ जूल, म्हणजे पन्नास हजारांत एक भाग असते. थेंब दहापट बारीक केले तरी हे गुणोत्तर पाच हजारांत एकच राहते. उरलेली ऊर्जा हवा ओढून घेण्यात, मिसळण्यात आणि अखेर उष्णतेत जाते. हवेचे ते ओढले जाणे ज्वलनाला आवश्यक असल्याने सगळी ऊर्जा वाया गेली असे म्हणता येत नाही.

थेंबांचा सरासरी आकार कोणता सांगावा?

ज्वलनासाठी झाउटर सरासरी व्यास सांगावा. सगळ्या थेंबांच्या एकूण आकारमानाचे एकूण पृष्ठफळाशी जे गुणोत्तर असते, तेच गुणोत्तर ज्या एका थेंबाचे असेल त्याचा हा व्यास होय. साधी सरासरी येथे फसवते, कारण हजारो बारीक थेंब मिळूनही त्यांत इंधन थोडेच असते. १०० मायक्रॉनच्या एका थेंबात १० मायक्रॉनच्या हजार थेंबांएवढे इंधन मावते. झाउटर व्यासासोबत मोठ्या थेंबांचे प्रमाणही सांगितले पाहिजे, कारण धूर तेच करतात.

मग थेंब शक्य तितके बारीक करावेत का?

नाही. अतिबारीक थेंब जन्मतःच हवेच्या स्वाधीन होतात, नोझलजवळच वाफ होतात आणि तेथे इंधनाचे प्रमाण अवाजवी वाढते. थोड्या मोठ्या थेंबांमुळे इंधन दूरपर्यंत पोचते. मंद भारावर किंवा विझलेले इंजिन उंचावर पुन्हा पेटवताना ठिणगीजवळ पुरेशी वाफ हवी असते, आणि पूर्ण भारावर कक्षभर सारखे मिश्रण हवे असते. या दोन मागण्या एका आकाराने पुऱ्या होत नाहीत. म्हणूनच अनेक गॅस टर्बाइनमध्ये साधी धार न वापरता इंधनाचा पातळ पडदा करून त्याच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळवतात. पडदा मुळातच पातळ असल्याने हवेला कमी काम उरते.

पाण्यावर केलेल्या प्रयोगांवरून इंधनाविषयी बोलता येते का?

जपून. पाणी सुरक्षित व स्वस्त आहे, पण त्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रतिमीटर, म्हणजे केरोसीनच्या जवळजवळ तिप्पट आहे. सारख्याच व्यासाच्या धारेसाठी, १०० मीटर प्रतिसेकंद हवेतले पाणी सुमारे ५९ मीटर प्रतिसेकंद हवेतल्या केरोसीनसारखे फुटते. वेबर अंक आणि संवेग-गुणोत्तर दोन्ही जुळवले तर फुटण्याचा प्रकार आणि मार्ग यांची तुलना करता येते. वाफ होण्याविषयी मात्र पाण्यावरून काहीच सांगू नये.

हे सारे मोजतात कसे?

धारेची बाह्यरेषा आणि लहरी मागून प्रकाश टाकून अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपतात. थेंबांचा आकार आणि वेग एकाच वेळी मोजायला कला-डॉप्लर पद्धत आहे. तीत दोन लेसर किरण एकमेकांना छेदतात त्या बिंदूतून जाणारा प्रत्येक थेंब जो प्रकाश विखुरतो, त्यावरून दोन्ही राशी काढतात. थेंब गोल आहेत हे या पद्धतीत गृहीत धरलेले असते, म्हणून तंतू आणि पिशव्यांच्या भागात ती लागू पडत नाही. नोझलजवळचा दाट भाग तर दृश्य प्रकाशाला आरपार जाऊच देत नाही. त्यासाठी सिंक्रोट्रॉनमधून (इलेक्ट्रॉनांना अतिवेगाने वर्तुळात फिरवणाऱ्या यंत्रातून) मिळणारे तीव्र क्षकिरण वापरावे लागतात, कारण ते थेंबांच्या पृष्ठभागांवर फारसे विखुरत नाहीत आणि वाटेत किती द्रव आहे ते सांगतात.

संगणकावर सगळे सोडवता येत नाही का?

संपूर्ण ज्वलनकक्षासाठी अजून नाही. कक्ष काही सेंटिमीटरांचा, धार अर्ध्या मिलिमीटरची आणि फुटणारा पडदा मायक्रॉनभर जाड किंवा त्याहून पातळ असतो. इतक्या पल्ल्याचे जाळे आखून द्रवाची सीमा क्षणोक्षणी शोधणे फार महाग पडते. म्हणून व्यवहारात नोझलमधून आधीच ठरवलेल्या आकाराचे थेंबांचे गट सोडतात, आणि त्यांचे पुढचे फुटणे सोप्या प्रतिमानांनी ठरवतात. त्या प्रतिमानांत जुळवून घेण्याचे स्थिरांक असतात, आणि एका दाबावर जुळवलेले स्थिरांक दुसऱ्या दाबावर तपासल्याशिवाय वापरू नयेत.

हवा ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर?

धारेसमोर वाकलेला आघात तरंग, म्हणजे हवेचा दाब एकदम वाढवणारा पातळ थर, उभा राहतो, आणि धारेला भिडणारी हवा त्यातून येताना मंद, दाट व गरम झालेली असते. संवेग-गुणोत्तराचे महत्त्व तेथेही टिकते. मात्र इंधनाला मिसळून जळायला एक मिलिसेकंदाच्या आसपासच वेळ मिळतो.

इंधन इतके तापले की पृष्ठताणच उरला नाही, तर फवारा होतो का?

तापमान वाढते तसा पृष्ठताण घटतो आणि क्रांतिक बिंदूवर, म्हणजे द्रव आणि वाफ यांतला भेद जेथे मिटतो त्या तापमान व दाबाला, शून्य होतो. डिझेलच्या अभ्यासात नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या एन-डोडेकेनचा क्रांतिक बिंदू सुमारे ६५८ केल्विन आणि १८ बार आहे, आणि इंजिनातला वायू याहून कितीतरी तप्त आणि दाबाखाली असतो. त्यामुळे तेथे थेंब होतच नाहीत, द्रव दाट वायूसारखा सरळ मिसळतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पृष्ठभाग लगेच तापत नाही, आणि इंधन व हवेच्या मिश्रणाचा क्रांतिक दाब शुद्ध इंधनापेक्षा बराच जास्त असतो. सूक्ष्मदर्शी छायाचित्रांत म्हणूनच दोन्ही चित्रे दिसली आहेत. काही थेंब शेवटपर्यंत गोल राहून आटतात, तर काही थेंब प्रवासात मधेच गोलाई सोडून धुरकट रेघांसारखे विरतात. कोणते घडेल हे इंधन, वायूचे तापमान व दाब आणि थेंबाला तापायला मिळालेला वेळ यांवर अवलंबून असते. पृष्ठताण विरला त्या जागेपासून पुढे वेबर अंकाला अर्थ उरत नाही. संवेग-गुणोत्तराचा अर्थ मात्र तेथेही कायम राहतो.